पाण्यात दिसलेली घोडी

आजची गोष्ट राजांची नाही आणि ऋषींचीही नाही. हिच्यात वीज आहे, यंत्र आहे, पडद्यावर सरकणारी एक हिरवी रेघ आहे. एक वृद्ध आचार्य होते, त्यांची एक शिष्या होती आणि एक व्यापारी होता. माणसांची नावं मी सांगणार नाही, कारण तिघेही अजून हिंडते-फिरते आहेत आणि उगीच माझ्याशी भांडायला यायचे. घोड्यांची नावं मात्र सांगतो. घोड्यांना अब्रूची धास्ती नसते.

घाट चढून गेलं की एक उघडं पठार लागतं. तिथे घोड्या पाळणारी एक संस्था होती. घोडी गाभण राहिली की काही महिने तिच्या रक्तात एक संप्रेरक उतरतं. संप्रेरक म्हणजे शरीरातला निरोप्या. रक्तातून फिरतो आणि एका अवयवाचा सांगावा दुसऱ्याला पोचवतो. घोडीचं हे संप्रेरक गाई-मेंढ्यांच्या औषधात वापरतात, म्हणून संस्था गाभण घोड्यांचं थोडं थोडं रक्त घेई आणि त्याच्या बदल्यात त्यांना हिरवा चारा, सावली आणि पशुवैद्य देई. ज्या घोडीच्या रक्तात संप्रेरक सापडत नसे ती रिकामी ठरे. रिकामी घोडी वैशाखात व्यापाऱ्याच्या ट्रकमधून घाट उतरे. तरुण असली तर टांग्याला नाहीतर वरातीला जाई. म्हातारी असली तर वीटभट्टीवर, आणि वीटभट्टीवर गेलेली घोडी पुढचा पावसाळा पाहत नसे.

म्हणजे बघा, कोणी राहायचं आणि कोणी जायचं हे ठरायचं एका खोलीत. ती आचार्यांची प्रयोगशाळा.

ती खोलीही काही साधी नव्हती. पूर्वी कधीतरी पठारावर घोड्यांची साथ आली होती, तेव्हा दुखणाईत घोड्या तिथे आणून बांधत. त्यातली एकही आपल्या पायांनी बाहेर आली नाही, असं संस्थेतले जुने लोक सांगत. पुढे भिंतींना चुना लागला, फरशी बसली, यंत्र आलं. पण भिंतीतल्या लोखंडी कड्या कुणी काढल्या नाहीत. त्या बाहेरून गंजलेल्या होत्या आणि आतल्या बाजूने लख्ख. तिथे दोर घासायला आता कोण येत होतं, हे विचारायची सोय नव्हती. बाहेरच्या घोड्या त्या भिंतीलगतचं गवत खात नसत. गुडघाभर वाढून ते तिथेच वाळून जाई.

एकच घोडी त्या बाजूला येई. तिचं नाव पाकोळी. वयाने थोर, स्वभावाने तिखट. मानेतून रक्त काढू द्यायची, पण मागे कुणी उभा राहिला की लाथ ठरलेली. पोट तपासायला गेलेल्या पशुवैद्याला तिने एकदा असा प्रसाद दिला की त्याने कोपरापासून हात जोडले. भर दुपारी, बाकीच्या घोड्या लिंबाखाली दाटीवाटीने उभ्या असताना, ही एकटी उन्हात प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊन उभी राही आणि आत पाहत बसे. शिष्येला ते मुळीच आवडत नसे.

शिष्येची लाडकी घोडी निराळी होती. सगुणा. नाव तसे गुण! तरुण, तांबूस, मऊ ओठांची. शिष्या दिसली की हिची मान तिच्या खांद्यावर. रोज सकाळी गुळाचा खडा ठरलेला. "ही घोडी नाहीच, मांजर आहे," असं शिष्या म्हणे, आणि आचार्य नुसतं "हं" म्हणत.

आता यंत्राविषयी थोडं सांगायला हवं. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही. या यंत्राचं काळीज म्हणजे वीतभर पोलादी नळी. पुस्तकात तिला स्तंभ म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे कॉलम म्हणतात. तिच्यात मैद्यासारखे बारीक मणी भरलेले असतात आणि त्या मण्यांवर विद्युतभार असतो. रक्तातली प्रथिनं आत सोडली की ज्यांच्यावर उलट भार ती मण्यांना चिकटून बसतात. मग पाणी सोडायचं, आधी अळणी, नंतर हळूहळू खारं. मिठाने मण्यांची पकड सैल होते आणि चिकटलेली प्रथिनं एकेक करून सुटतात. काही सुटलं की पडद्यावरची सपाट रेघ वर उठते, आणि ते वाहून गेलं की पुन्हा खाली बसते. संप्रेरकाची उठायची जागा ठरलेली. तिथे रेघ उठली की घोडी गाभण.

त्या वर्षी जुना कॉलम झिजला. आचार्य शिष्येला म्हणाले, "नवा तू निवड."

शिष्येने पुस्तिका मागवल्या, तक्ते लावले, रात्रंदिवस त्यातच. शेवटी दोन नमुने मागवून घेतले. एकाचे मणी भरीव, त्यांच्यावर भार विरळ. दुसऱ्याच्या मण्यांना खोल खोल छिद्रं, आणि त्या छिद्रांतसुद्धा भार ठासून भरलेला. पुस्तिकेत त्याच्याविषयी ठळक लिहिलं होतं, सर्वाधिक धारणक्षमता. शिष्या हरखली. "सर, हाच. याच्या हातून काही निसटायचं नाही."

आचार्यांनी तो कॉलम हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "बरं."

मला या ठिकाणी आचार्यांचा राग येतो. अहो, तुम्हाला दिसतंय ना पोरगी चुकते आहे? मग बोला की! पण थोर माणसांना ही एक खोड असते, दुसऱ्याची चूक पिकू देतात. त्या 'बरं'ची किंमत पुढे काय झाली ते सांगतो.

आचार्यांनी प्रयोगशाळेला एक रीत घालून दिलेली होती. दोन घोड्यांच्या मध्ये एक पाणी. म्हणजे एका घोडीचं रक्त तपासून झालं की पुढचीचं घालण्याआधी रक्ताच्या जागी यंत्राला नुसतं शुद्ध पाणी द्यायचं आणि खाऱ्या पाण्याचा फेरा नेहमीसारखा चालवायचा. रेघ सपाट आली की कॉलम कोरा झाला असं समजून पुढे जायचं. शिष्येने ही रीत वर्षानुवर्षं पाळली होती आणि वर्षानुवर्षं पाण्याची रेघ सपाटच आली होती. वैशाखात घोड्या तपासायच्या दिवशी सकाळी ट्रक घाट चढून आला, व्यापारी ओट्यावर येऊन बसला, आणि घाईत तिने पाणी गाळलं. नवा कोरा कॉलम, त्यात इतक्या जोरकस पकडीचा. पाणी कशाला, असं तिला वाटलं असणार. आपल्यालाही वाटलं असतं.

एकामागून एक घोड्यांचं रक्त, म्हणजे त्यातला नको तो भाग आधी गाळून घेतलेला सीरम, आत गेला. रेघ ठरल्या जागी उठत गेली. मग पाकोळीची पाळी आली. रेघ सपाट. शिष्येने शेवटपर्यंत वाट पाहिली, पाणी अगदी खारट होईपर्यंत. काहीच उठलं नाही. सगळ्यांत शेवटी सगुणा होती. तिची रेघ उठली, थोडी बुटकी, पण स्पष्ट. शिष्येचा जीव भांड्यात पडला. ती बाहेर आली आणि तिने संस्थेच्या व्यवस्थापकांना सांगून टाकलं, पाकोळी रिकामी.

व्यवस्थापकांनी व्यापाऱ्याला खूण केली. व्यापाऱ्याने कपाळाचा घाम पुसला. "ती लाथाडी होय? ट्रकात चढवायला चार माणसं लागतील."

शिष्या परत आत गेली. सगळं आवरायचं होतं. दुपार टळटळीत झाली होती, वारा पडला होता. खिडकीत पाकोळी उभी होती. यंत्र बंद करण्यापूर्वी कॉलम धुवायचा असतो, म्हणून तिने शुद्ध पाणी भरलं आणि कळ दाबली. हात पुसत ती उभी राहिली.

रेघ सपाट चालली होती. मग संप्रेरकाची जागा आली आणि रेघ उठली. सावकाश, अंथरुणात कुणी उठून बसावं तशी.

शिष्या पाहत राहिली. तिने फक्त पाणी घातलं होतं. पाण्यात संप्रेरक कुठून येणार? हात खराब असेल, बाटली खराब असेल. तिने बाटली फेकली, नवी फोडली, नवं पाणी घातलं. यंत्र गुणगुणत राहिलं. ठरलेल्या जागी रेघ पुन्हा उठली, मघापेक्षा किंचित ठेंगणी, पण तशीच.

"छे!" ती मोठ्याने म्हणाली. त्या खोलीत स्वतःचाच आवाज ऐकून तिला बरं वाटलं नाही.

तिसऱ्या वेळी तिने काहीच घातलं नाही. पाणीसुद्धा नाही. यंत्राला रिकामा घास दिला आणि हात मागे बांधून उभी राहिली, जणू पुढच्या क्षणी कुणीतरी तिच्यावर आळ घेणार होतं. खारं पाणी कॉलममधून वाहत होतं. भिंतीतल्या कड्यांवर उन्हाची तिरीप पडली होती. आणि रेघ उठली. जिथे काहीही नव्हतं तिथे कुणीतरी होतं, आणि ते पुन्हा पुन्हा त्याच जागी येत होतं.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. प्रयोगशाळेतली माणसं या प्रकाराला भूतच म्हणतात, हे तिला माहीत होतं. यंत्राच्या भाषेत भूत म्हणजे न घातलेल्या गोष्टीची खूण. पुस्तकात वाचलेलं भूत वेगळं आणि आजारी घोड्यांच्या तबेल्यात, भर दुपारी, एकटं असताना समोर उठलेलं वेगळं. तिने खिडकीकडे पाहिलं. खिडकी रिकामी होती. काचेवरच्या धुळीत पाकोळीच्या नाकपुड्यांनी दोन स्वच्छ गोल उमटवलेले होते. पलीकडे कुठेतरी दोर ओढणाऱ्या माणसांचे आवाज येत होते.

"सर!" तिने हाक मारली. "सर, लवकर या!"

आचार्य शेजारच्या खोलीत लवंडले होते. वैशाखातही डोक्याला लोकरीची टोपी. ते आले, स्टुलावर बसले आणि तीनही आलेख त्यांनी नाकाशी धरून पाहिले.

"पाणी घातलं होतंस?"

"दोनदा पाणी. शेवटी काहीच नाही. हवासुद्धा नाही, सर."

"पाण्याच्या आधी कोण होतं?"

"सगुणा."

"तिच्या आधी?"

"पाकोळी."

"आणि मधलं पाणी?"

शिष्येने मान खाली घातली. आचार्य रागावले नाहीत. रागावले असते तर तिला परवडलं असतं. त्यांनी पाना घेतला, पोलादी कॉलम यंत्रातून सोडवला आणि उलटा फिरवून पुन्हा जोडला. जे तोंड वर होतं ते खाली, खालचं वर. मग कपाटातून मिठाचं सगळ्यांत तीव्र द्रावण काढलं आणि यंत्राला लावलं.

"सर, हे काय करताय? आत काही घातलेलंच नाही."

"नाही ना? मग काही यायला नको," आचार्य म्हणाले, आणि कळ दाबली.

दोघं पडद्यासमोर बसली. खारं पाणी उलट्या वाटेने आत शिरलं. रेघ थोडा वेळ थरथरली, जशी आधी कधी थरथरली नव्हती. मग ती उठली आणि उठतच गेली. पडद्याची वरची कड आली, रेघ तिच्यापलीकडे निघून गेली आणि खाली येईचना. त्याच क्षणी बाहेर एक घोडी खिंकाळली, लांबलचक, खालच्या पट्टीपासून वर चढत गेलेली. मी योगायोग म्हणतो. शिष्येला विचाराल तर ती आजही या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

"हे कोण आहे, सर?"

"तू ज्याला नाही म्हणालीस ते," आचार्य म्हणाले. "पण ही फक्त शंका आहे हो. कॉलममधून घाण निघाली तरी रेघ उठते. तिचं रक्त दुसऱ्या कॉलमवर घालून पाहिल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

बाहेर ट्रकचं इंजिन सुरू झालं.

आता विचार करा. हातात पुरावा नाही. सकाळी स्वतःच्या तोंडाने निवाडा दिलेला. आता धावत जाऊन काय सांगायचं, तर मला पाण्यात घोडी दिसली? शिष्या अभिमानी होती, चारचौघांत चुकणं तिच्या स्वभावात नव्हतं. क्षणभर ती पडद्याकडे पाहत बसली. मग ती चप्पल न घालताच तापलेल्या मातीवरून पळत सुटली.

पाकोळी ट्रकच्या फळीवर अडून उभी होती. चार माणसं पुढून ओढत होती, मागे जायची कुणाची छाती नव्हती.

"थांबा! सोडा तिला! माझं चुकलंय." शिष्येला धाप लागली होती. "मला... पाण्यात तिची खूण दिसली."

"पाण्यात?" व्यापारी हसला. "ताई, ऊन लागलं काय? पाण्यात घोडी गाभण दिसायला लागली तर आमचा धंदा बसला म्हणायचा."

"हसा तुम्ही. पण ही गाभण असली आणि भट्टीवर गेली तर दोन जीव जातील, आणि ते माझ्या बोलण्याने जातील. मला थोडा वेळ द्या."

व्यापारी काही वाईट माणूस नव्हता. त्याने तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि ट्रकवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. "जेवून घेतो. जरा आडवा होतो. मग मात्र रिकामा घाट उतरणार नाही, ताई. एक घोडी संस्थेने कबूल केलीय, एक घोडी न्यायचीच."

शिष्या परत आली तोवर आचार्यांनी दुसरा कॉलम जोडून ठेवला होता. भरीव मण्यांचा, विरळ भाराचा, जो तिने कमजोर म्हणून बाजूला सारला होता. तिने आधी पाणी घातलं. रेघ सपाट. मग पाकोळीचा सीरम घातला. पठारावर पानसुद्धा हलत नव्हतं.

रेघ उठली. उंच, सडपातळ, नेमकी. आणि आली तशी पूर्ण खाली बसली.

शिष्येने तोंड ओंजळीत लपवलं आणि ती हमसून हमसून रडली. आचार्यांनी तिला रडू दिलं. पाकोळीला पुढे यथाकाल शिंगरू झालं, हेही इथेच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. तेही आईसारखंच लाथाडं निघालं. पण मला सांगायचंय ते त्या दुपारचंच आहे.

"माझ्या कॉलमने हे गिळलं कसं, सर? बाकीच्या घोड्यांचं तर बरोबर दिलं."

"अगं, या संप्रेरकाला साखरेच्या शेपट्या असतात, आणि त्यांच्यावर ऋणभार असतो. सगळ्या घोड्यांत त्या सारख्या नसतात. पाकोळीला जास्त आहेत. तुझ्या मण्यांवर धनभार ठासून भरलेला आणि छिद्रं खोल. हिचं संप्रेरक आत शिरलं आणि अडकलं. मिठाने हाका मारल्या, त्याला येता आलं नाही. तू सपाट रेघ पाहिलीस आणि म्हणालीस, नाहीच." आचार्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पुस्तिकेत लिहिलंय ते खोटं नाही. कारखान्यात पिंपभर माल एकदम धरून ठेवायचा असेल तर तोच कॉलम घ्यावा. पण आपण मोजणारी माणसं आहोत. मोजणाऱ्याने आत घातलेलं सगळं परत बाहेर आलं पाहिजे, आणि ज्याचं त्याच्या नावाने आलं पाहिजे. तू निवडताना विचारलंस, हा किती धरतो. हा सोडतो का, हे विचारायचं राहिलं."

"आणि जे सुटत नाही, ते कुठे जातं?"

"जात नाही. तिथेच राहतं," आचार्य उठत म्हणाले. "आणि मागून येणाऱ्याच्या तोंडून बोलतं." एवढं बोलून ते हात धुवायला निघून गेले.

शिष्या एकटी राहिली. तिने डोळे पुसले, नळ्या आवरायला घेतल्या. पाकोळीची नळी जागेवर ठेवली. तिच्या शेजारी शेवटची नळी होती, तिच्यावर नाव होतं सगुणा. तिचा हात तिथेच थांबला.

मागून येणाऱ्याच्या तोंडून.

पाकोळीच्या मागून कोण आलं होतं? मध्ये पाणी नव्हतं. पाकोळीनंतर सरळ सगुणा. सगुणाची रेघ उठली होती, थोडी बुटकी. त्यानंतर पाण्याची उठली, तिच्यापेक्षा बुटकी. मग आणखी बुटकी. एकाच जिन्याच्या त्या पायऱ्या होत्या, वरून खाली येणाऱ्या. मघाशी तिला वाटली होती ती भीती काहीच नव्हे. सकाळी ज्या रेघेने तिचा जीव भांड्यात पडला होता, ती रेघ नक्की कुणाची होती?

खोलीत कुणी नव्हतं. आचार्यांनी सगुणाचं नाव काढलं नव्हतं. व्यवस्थापक विचारणार नव्हते. पाकोळी गाभण आहे एवढं सांगितलं की तिची चूक सुधारली, शाबासकीसुद्धा मिळाली असती. व्यापाऱ्याला काहीतरी समजूत घालून वाटेला लावता आलं असतं. सगुणा लिंबाखाली राहिली असती, उद्या सकाळी गुळाला आली असती. कुणाला कळलं असतं? आणि खरं सांगू, तिने ती नळी बाजूला सारलीसुद्धा. आवरून दारापर्यंत गेली. दाराशी उभी राहिली, कडी हातात धरून, कितीतरी वेळ.

मग ती परत फिरली. आधी पाणी घातलं. सपाट. मग सगुणाचा सीरम घातला.

या वेळी तिने देवाला साकडं घातलं, यंत्राला हात लावून विनवलं, ऊठ गं बाई, एवढीशी ऊठ. पाणी अळणीचं खारं झालं, खाऱ्याचं कडू झालं. संप्रेरकाची जागा आली आणि निघून गेली. रेघ उठली नाही. तिने पुन्हा एकदा घालून पाहिलं. पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं सपाट होतं, आणि या वेळी त्या सपाट रेघेमागे कुणीही लपलेलं नव्हतं.

उन्हं कलली होती. व्यापारी उठून तोंड धूत होता. शिष्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पाकोळी राहील. रिकामी आहे ती सगुणा."

"ती तांबूस? जी तुमच्या मागे मागे असते?" व्यापाऱ्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, ही तरुण आहे, गरीब आहे. हिला भट्टीवर नाही घालणार मी. वरातीला जाईल. झूल घालतील, गोंडे लावतील. शब्द देतो."

शिष्येला तो शब्द खरा मानावा की नाही हे कळलं नाही. तिने मान हलवली.

तो म्हणाला, "माणसं बोलावू? ओढायला?"

"नको."

ओढावं लागलंच नाही. शिष्या लिंबाखाली गेली, सगुणाने तिच्या खांद्यावर मान ठेवली. शिष्या चालू लागली तशी ती मागोमाग निघाली. ज्या फळीवर पाकोळी चार माणसांना ऐकली नव्हती, त्या फळीवरून सगुणा टपटप चढून गेली, कारण पुढे ओळखीची पाठ होती. आत गेल्यावर तिने तळहात हुंगला. तळहातात काही नव्हतं. शिष्येने तिचा कपाळपट्टा सरळ केला आणि ती खाली उतरली. ट्रक वळणाआड गेला तरी बराच वेळ धूळ बसली नाही.

आचार्य ओट्यावर उभे होते. शिष्येने त्यांच्याकडे न पाहता विचारलं, "तुम्हाला सगुणाचं कळलं होतं ना, सर?"

"तू आलेख दाखवलेस तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तिला मी पाठवलं असतं," आचार्य म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आणि तू इथेच अडकून राहिली असतीस."

शिष्या पायरीवर बसली. तिच्या पायांना फोड आले होते, ते तिला आता जाणवले. थोड्या वेळाने आचार्यही कष्टाने तिच्या शेजारी टेकले. कॉलम निवडतानाच्या त्या 'बरं'बद्दल त्यांनी तिची क्षमा मागितली, आणि तिने ती दिली, पण लगेच नाही.

आपण सगळेच रोज कुणाला तरी ठेवतो आणि कुणाला तरी पाठवतो. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्या बाजूने निकाल लागला, तर तो पुन्हा एकदा तपासून पाहावा, एवढंच मला म्हणायचं आहे.